कासरा धरणारी

तिला प्रत्यक्ष पाहिलेली माणसं थोडीच. डिसेक्शन हॉलमध्ये नाक दाबून उभी राहिलेली मेडिकलची पहिल्या वर्षाची मुलं, आणि मानेची ऑपरेशनं करणारे सर्जन. मानेत एका बाजूला मेंदूकडे रक्त नेणारी जाड धमनी, दुसऱ्या बाजूला रक्त परत आणणारी तेवढीच जाड नीला, आणि या दोघींच्या मध्ये, जरा मागच्या अंगाला, अंग चोरून बसलेली एक पांढुरकी दोरी. सर्जन तिला हात लावत नाहीत. हळूच बाजूला सारतात, काम उरकतात आणि पुन्हा जागच्या जागी ठेवतात.

तिचं नाव व्हेगस. मेंदूतून थेट निघणाऱ्या चेतांच्या बारा जोड्यांमधली ही दहावी. जोडी असल्यामुळे खरं तर त्या दोघी, उजवी आणि डावी. पण दोघींचा स्वभाव एक, तेव्हा आपण एकीबद्दलच बोलू.

बाकीच्या अकरा जणींनी घराजवळच्या नोकऱ्या धरल्या आहेत. कुणी डोळ्याकडे, कुणी नाकाकडे, कुणी जिभेकडे. फार लांब गेली ती खांद्यापर्यंत. ही मात्र कवटीच्या तळातल्या भोकातून बाहेर पडते ती मान उतरते, छातीत शिरते, श्वासपटल ओलांडून पोटात जाते आणि मोठ्या आतड्याच्या निम्म्या वाटेपर्यंत पोचते. घसा, फुप्फुसं, हृदय, जठर, यकृत, सगळीकडे हिचं जाणंयेणं. वाटेतले तिचे काही उद्योग तर कुणालाही कोड्यात टाकतील असे आहेत. कानाच्या भोकापर्यंत तिची एक बारीक फांदी गेलेली आहे, म्हणून कानात काडी घातली की काही जणांना खोकल्याची उबळ येते. स्वरयंत्राकडे जायचं तर मानेतूनच सरळ वळावं की नाही? पण डावीकडची फांदी आधी छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीखालून वळसा घालते आणि मग पुन्हा वर चढून घशात येते. जिराफातही हाच रस्ता आहे, तिथे या उलट्या फेऱ्याची लांबी काही मीटर भरते.

आणखी एक गोष्ट तिच्याबद्दल सांगितली पाहिजे. ती बोलते कमी, ऐकते जास्त. तिच्यातल्या साधारण 80 टक्के तंतूंचं काम खालून वर खबर पोचवण्याचं आहे: जठर किती ताणलंय, फुप्फुसं किती फुगलीत, महाधमनीत रक्ताचा दाब किती. हुकूम खाली नेणारे तंतू उरलेले. घरात एवढं ऐकून घेणारं माणूस असलं की त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, हे काही वेगळं सांगायला नको.

आता तिचं हृदयाशी असलेलं नातं. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात सायनस नोड नावाचा पेशींचा एक पुंजका असतो. ठोक्याचा ताल तिथून निघतो. कुणाचीही लुडबुड नसेल, तर हा पुंजका आपल्या मर्जीने तरुणपणी मिनिटाला शंभराच्या आसपास ठोके देतो. आपली बसल्या जागची नाडी सत्तरीत असते, कारण व्हेगस त्याचा कासरा धरून बसलेली असते. अंगातला बैल मोकळा सुटला तर धावेल, म्हणून दिवसरात्र हातात कासरा. आणि मुरलेला गाडीवान कासरा कधी एकाच ताणात धरत नाही. चढ आला की सैल, उतार लागला की आवळून, सपाटीवरही हात जरासा हलताच. तो हात हलतोय तोवर गाडीवान जागा आहे असं खुशाल समजावं.

श्वास आत घेताना ती कासरा सैल सोडते, ठोके जवळजवळ येतात. श्वास सोडताना आवळते, ठोके रेंगाळतात. हे तपासायला यंत्र लागत नाही. वाचता वाचता डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी उजव्या हाताची तीन बोटं ठेवा आणि पाच आकडे मोजेपर्यंत श्वास आत, पाच मोजेपर्यंत बाहेर असं तीन-चार वेळा करा. तरुण माणसाला फरक पहिल्या-दुसऱ्या श्वासातच बोटाखाली लागतो. साठीच्या पुढे थोडी चिकाटी लागते, कारण वयाबरोबर हिचा हात जड होत जातो.

दोन ठोक्यांमधल्या अंतराची ही जी सततची कमी-जास्त चालते, तिला डॉक्टर हार्ट रेट व्हेरिएबिलिटी म्हणतात, आणि हल्ली मनगटावरच्या घड्याळांमुळे घराघरात एचआरव्ही. ती किती बारीक असते हे ईसीजीच्या गुलाबी कागदावर दिसतं. हा कागद सेकंदाला 25 मिलिमीटर सरकतो, म्हणजे त्यावरचा एक बारीक चौकोन 40 मिलिसेकंदांचा. एखाद्या धडधाकट माणसाची पट्टी घ्या आणि उंच टोकापासून पुढच्या उंच टोकापर्यंत पट्टीने मोजा: 21 मिलिमीटर, पुढचं 24, त्याच्या पुढचं 22. म्हणजे 840, 960 आणि 880 मिलिसेकंद. डॉक्टर सरासरी काढून 'पल्स 67, रेग्युलर' असं लिहितात आणि ते बरोबरच असतं. पण व्हेगसची सही त्या 67 मध्ये नसते, ती 21, 24 आणि 22 मधल्या फरकात असते. सगळा कारभार दोन-तीन मिलिमीटरचा, अनेकांच्या बाबतीत एकाच बारीक चौकोनाचा.

हा फरक मोजायच्या रीती पुष्कळ. त्यातल्या दोन घरोघरी पोचल्या आहेत. एका ठोक्यामागून येणाऱ्या ठोक्यात किती फरक पडत गेला, याच्या हिशेबाला आरएमएसएसडी म्हणतात. व्हेगसचा हात यात सगळ्यात स्वच्छ दिसतो. सगळी अंतरं मिळून सरासरीभोवती किती पसरलेली आहेत ते सांगतो एसडीएनएन. निरोगी प्रौढांच्या पाच मिनिटांच्या नोंदींवर झालेल्या अभ्यासांचा 2010 साली एकत्र आढावा घेतला गेला. आरएमएसएसडीची सरासरी आली 42 मिलिसेकंद, पण निरनिराळ्या अभ्यासांतल्या सरासऱ्या 19 पासून 75 पर्यंत विखुरलेल्या होत्या. तेव्हा शेजाऱ्याचा आकडा 60 आणि आपला 28 म्हणून झोप उडवून घेण्यात अर्थ नाही. झोप उडाली तर 28 चे 22 होतील, एवढं मात्र नक्की.

आपल्याकडच्या वैद्यांची बोटं नाडीवर फार आधीपासून आहेत. शार्ङ्गधर संहितेत नाडीची वर्णनं आहेत ती चालीची: वात भडकला की सापासारखी, जळवेसारखी, पित्तात कावळा-बेडकासारखी, कफात हंस-पारव्यासारखी. त्या वैद्यांना एचआरव्ही कळत होती असं म्हणणारे लोक आता भेटू लागले आहेत, त्यांच्या नादी लागू नये. कान-डोळे उघडे ठेवून नाडीची चाल पाहणं वेगळं आणि मिलिसेकंद मोजणं वेगळं. पण एक गोष्ट खरी. मिनिटाचा काटा नसताना नाडी पाहणारा माणूस ठोक्यांची चाल पाहत होता. 1707 साली इंग्लंडमध्ये जॉन फ्लॉयर यांनी एका मिनिटाचं खास घड्याळ घेऊन नाडी मोजायला सुरुवात केली, आणि तेव्हापासून नाडी म्हणजे मिनिटाला किती, एवढाच प्रश्न उरला. सरासरी हातात आली, अंतरं निसटली.

ती पुन्हा सापडली जर्मनीत. 1845 मध्ये वेबर बंधूंनी दाखवून दिलं की व्हेगसला विजेने डिवचलं की हृदय मंदावतं, थांबतंसुद्धा. एखादी चेता डिवचली तर अवयव काम करायला लागतो हे तेव्हा सर्वांना ठाऊक होतं. डिवचल्यावर काम थांबतं, हे त्या काळच्या शास्त्रज्ञांना पचायला जड गेलं. 1847 मध्ये कार्ल लुडविग यांनी काजळी धरलेल्या फिरत्या नळकांड्यावर रक्तदाबाची रेघ ओढून दाखवली, आणि श्वासाबरोबर नाडी चढते-उतरते हे कागदावर उतरलं.

पण तिचं गुपित फुटलं ते ईस्टरच्या सुमाराला, ऑस्ट्रियातल्या ग्राट्स शहरात. ऑटो लोवी नावाचे प्राध्यापक मध्यरात्री जागे झाले, स्वप्नात सुचलेला प्रयोग एका चिठोऱ्यावर खरडला आणि पुन्हा झोपले. सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना. अख्खा दिवस त्या चिठोऱ्याकडे पाहण्यात गेला. दुसऱ्या रात्री तीनच्या सुमाराला तेच पुन्हा सुचलं. या खेपेला ते लिहीत बसले नाहीत, तडक प्रयोगशाळेत गेले. दोन बेडकांची हृदयं घेतली, एक व्हेगससकट, दुसरं तिच्याशिवाय. पहिल्याची व्हेगस डिवचली, हृदय मंदावलं. त्याच्या भोवतीचं पाणी उचलून दुसऱ्यावर सोडलं. ज्याला व्हेगसच नव्हती, तेही मंदावलं. म्हणजे ही बाई विजेचा नुसता झटका देत नाही, टोकाशी एक रसायन सोडते. 1921 मध्ये हे छापून आलं, पुढे त्या रसायनाची ओळख ॲसिटिलकोलिन म्हणून पटली, आणि 1936 चं नोबेल लोवी आणि हेन्री डेल यांना विभागून मिळालं. 1938 मध्ये नाझी ऑस्ट्रियात घुसले, ज्यू असलेल्या लोवींना अटक झाली, आणि देश सोडू देण्याआधी नोबेलची रक्कम नाझींच्या ताब्यातल्या बँकेत वळती करून घेतली गेली.

या रसायनाचा एक गुण ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ते सुटल्याबरोबर जवळचं एक एन्झाइम त्याचा फडशा पाडतं. त्यामुळे व्हेगसचा शब्द पुढच्याच ठोक्याला लागू होतो आणि त्याच्या पुढच्या ठोक्यापर्यंत विरूनही जातो. तिच्या उलट काम करणाऱ्या सिम्पथेटिक चेता, म्हणजे कुत्रं अंगावर आलं की छाती धडधडवणाऱ्या, त्यांचा अंमल चढायला काही सेकंद लागतात आणि उतरायला त्याहून जास्त. ठोक्यागणिक फरक करायची ऐपत फक्त व्हेगसची. म्हणून तर त्या मिलिसेकंदांतून तिची खुशाली कळते.

ती नसली की काय होतं हे बघायचं तर हृदयारोपण झालेल्या माणसाची नाडी पाहावी. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी फेब्रुवारी 1968 मध्ये, म्हणजे बर्नार्ड यांनी केलेल्या जगातल्या पहिल्या हृदयारोपणानंतर अवघ्या काही आठवड्यांनी, हृदय बदलून पाहिलं. तो रुग्ण काही तासांतच गेला. दिल्लीच्या एम्समध्ये ऑगस्ट 1994 मध्ये डॉ. वेणुगोपाल यांना यश आलं. रक्तवाहिन्या शिवता येतात, व्हेगस शिवता येत नाही. नवं हृदय आपल्या मनाने चालतं: आराम करतानाही 90 ते 110, आणि एका सुरात. श्वास घ्या, सोडा, हसा, झोपा, ठोक्यांमधलं अंतर ढिम्म हलत नाही. असा माणूस जिना चढला तरी नाडी लगेच वाढत नाही. रक्तातून ॲड्रेनालिन येऊन पोचेपर्यंत वाट पाहावी लागते.

तिला गप्प करायचा दुसरा मार्ग आपल्याकडे बांधाबांधावर उगवतो. धोतऱ्यात ॲट्रोपीन असतं, ते ॲसिटिलकोलिनची वाट अडवतं. धोतऱ्याच्या बिया पोटात गेलेला माणूस ओळखायला येतो: तोंडाला कोरड, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, बडबड चालू, आणि नाडी सुसाट. आणि याच ॲट्रोपीनची खोकी ग्रामीण रुग्णालयाच्या कपाटात भरून ठेवलेली असतात, कारण तिथे रोज गाठ पडते ती नेमक्या उलट्या संकटाशी. फवारणीच्या औषधांतलं ऑरगॅनोफॉस्फेट नावाचं कुळ त्या फडशा पाडणाऱ्या एन्झाइमलाच निकामी करतं. मग व्हेगसने एकदा उच्चारलेला शब्द विरतच नाही. तोंडातून लाळ, अंगाला घाम, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत पाणी, आणि बऱ्याचदा नाडी मंदावत जाते. डॉक्टर रात्रभर उशाशी बसून ॲट्रोपीन देत राहतात, छाती कोरडी होईपर्यंत आणि नाडी 80 च्या वर येईपर्यंत. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या हंगामात फवारलेल्या औषधांपैकी काही याच कुळातली होती. व्हेगस जितकी जास्त तितकं बरं, असं समजणाऱ्या माणसाने एकदा कापसाच्या हंगामात विदर्भातल्या एखाद्या वॉर्डात जाऊन यावं.

विषाशिवायही तिचा अतिरेक होतो, पण तो बिनविषारी. रक्त तपासायला आलेला धिप्पाड गडी सुई दिसताच पांढराफटक पडतो आणि खुर्चीतून घसरतो, ते हिचंच काम. एकदम कासरा खेचला जातो, त्याच वेळी पायातल्या रक्तवाहिन्या सैलावतात, मेंदूला रक्त कमी पडतं. अशा माणसाला लोक उचलून बसवतात आणि तोंडावर पाणी मारतात. बसवू नये. आडवं ठेवून पाय वर करावेत, मिनिटाभरात तो लाजत उठतो.

तिला हाका मारून बोलावणारी माणसंही आहेत. हृदयाच्या वरच्या भागात वीज गरागरा फिरायला लागली आणि नाडी दीडशे-दोनशेवर गेली, तर इमर्जन्सीतले डॉक्टर रुग्णाला एका सिरिंजमध्ये जोराने फुंकायला सांगतात. 2015 मध्ये इंग्लंडमधल्या एका अभ्यासात याच युक्तीत थोडा बदल केला गेला: पंधरा सेकंद फुंकून झाल्याबरोबर रुग्णाला सपाट झोपवून पाय उचलायचे. नुसत्या फुंकण्याने 17 टक्के लोकांची नाडी ताळ्यावर येत होती, या बदलाने 43 टक्के लोकांची आली. दाब एकदम वाढतो, व्हेगस दचकते, कासरा खेचते, वीज थांबते. अर्थात हे दवाखान्यात, मॉनिटर लावून करायचं काम आहे.

हृदय थांबवून दाखवणाऱ्या योग्यांचाही एकदा छडा लागला. वेंगर, बागची आणि एम्सचे आनंद या शास्त्रज्ञांनी अशा साधकांना यंत्रं लावून तपासलं आणि 1961 मध्ये निष्कर्ष छापला. मनगटावरची नाडी लागेनाशी होत होती, पण ईसीजीत हृदय चालूच होतं. श्वास कोंडून छाती-पोट आवळलं की हृदयाकडे रक्त परतायचं कमी होतं, नाडी क्षीण होते. चमत्कार गेला, तरी शिस्त उरतेच. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये कैवल्यधाम सुरू केलं ते योगाला प्रयोगशाळेत उभं करायच्या याच हट्टाने.

व्हेगस कामाला लागते ती जन्माआधीच. लेबर रूममध्ये पोटाला पट्टा बांधून बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढतात, त्यात अनुभवी सिस्टर पहिल्यांदा आकडा बघत नाही, रेघेची थरथर बघते. मिनिटाला 5 ते 25 ठोक्यांच्या आत ती रेघ वरखाली होत राहिली तर बाळ बरं आहे. रेघ सपाट झाली की सिस्टर आईला कुशीवर वळवते, पोटाला हलकं हलवते. बहुतेक वेळा बाळ नुसतं झोपलेलं असतं. न झोपलेल्या बाळाची सपाट रेघ मात्र धावपळ उडवते. एडवर्ड हॉन यांनी 1960 च्या दशकात दाखवून दिलं होतं की बाळ गुदमरू लागलं की ठोक्यांची संख्या बदलण्याआधी ठोक्यांमधली अंतरं बदलतात.

मोठ्यांच्या हृदयाबद्दल तिची साक्ष कामी आली 1987 मध्ये. अमेरिकेत रॉबर्ट क्लायगर आणि सहकाऱ्यांनी हार्ट अटॅकमधून वाचलेल्या 808 रुग्णांच्या चोवीस तासांच्या नोंदी तपासल्या. ज्यांचा एसडीएनएन 50 मिलिसेकंदांच्या खाली होता, त्यांना पुढच्या काळात मृत्यूचा धोका 100 च्या वर असलेल्यांपेक्षा पाच पटींहून जास्त निघाला. तेव्हापासून हा आकडा हृदयरोगतज्ज्ञांच्या बोलण्यात आला. 1996 मध्ये युरोप-अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी तो कसा मोजायचा याचे नियम ठरवले, आणि पुढे वीस-एक वर्षांत तो मनगटावर आला.

मनगटावर आल्यापासून तिची जरा ओढाताण चालली आहे. घड्याळ हिरवा उजेड कातडीत सोडतं आणि रक्ताच्या लाटेवरून ठोक्याचा अंदाज बांधतं; हात हलला की अंदाज चुकतो. छातीला बांधायचा पट्टा त्याहून भरवशाचा. ॲपलचं घड्याळ एसडीएनएन दाखवतं, फिटबिट आरएमएसएसडी. एकाच माणसाने दोन्ही हातांत दोन घड्याळं बांधली तर त्याच्या दोन एचआरव्ही निघतात आणि दोन्ही खऱ्या असतात. त्यात पुन्हा हा आकडा रोजचा वरखाली. काल लग्नाचं जेवण उशिरा झालं, परवा ताप होता, आज परीक्षेचा निकाल. एका दिवसाच्या आकड्यावरून निष्कर्ष काढणं म्हणजे वेड्याचा बाजार. रोज सकाळी उठल्याबरोबर, एकाच स्थितीत, चहाच्या आधी नोंद घ्यावी आणि दोन-तीन आठवड्यांची चाल पाहावी. आपली तुलना आपल्याशीच करावी. आणि एक धोक्याची सूचना: अंतरं वेडीवाकडी होण्याचं कारण नेहमी व्हेगस नसते. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाचे वरचे कप्पे नुसते फडफडतात, ठोके बेताल पडतात, आणि भोळं घड्याळ भलीथोरली एचआरव्ही दाखवतं. पन्नाशीनंतर आकडा अचानक दुप्पट झाला तर आनंद साजरा करू नका, ईसीजी काढा.

तिची मर्जी कशी सांभाळावी, हे विचारणाऱ्यांचा बहुधा अपेक्षाभंग होतो, कारण तिला हवं ते सगळं आजीने सांगून ठेवलेलं आहे. पोटभर झोप, तीही ठरल्या वेळी. रोजचं दमेपर्यंत चालणं किंवा सायकल. आठवड्यातून एकदा ट्रेकला जाऊन जीव काढणं तिला मानवत नाही. रात्रीचं जेवण हलकं आणि लवकर. संध्याकाळी घेतलेले दोन पेग झोप आणतात असं पिणारे सांगतात, पण त्या रात्रीची नोंद काढली तर व्हेगस पहाटेपर्यंत दबलेली दिसते, आणि जितके पेग जास्त तितकी जास्त. तंबाखूचं तर नाव काढू नका. निकोटिन नाडी पळवतं.

मंद श्वास तिला आवडतो, याचा सुंदर पुरावा इटलीतून आला. पाविया विद्यापीठातले लुचानो बेर्नार्दी यांनी 23 निरोगी माणसांकडून एकदा लॅटिनमधली रोझरीची प्रार्थना म्हणवून घेतली आणि एकदा तिबेटी परंपरेतला 'ॐ मणि पद्मे हुं' हा मंत्र. 2001 मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात दोन्हींनी श्वास आपोआप मिनिटाला सहावर आला आणि रक्तदाब सांभाळणारी यंत्रणा जास्त तरतरीत झाली. रक्तदाबाची स्वतःची एक लाट साधारण दहा सेकंदांची असते. श्वासही दहा सेकंदांचा झाला की दोन्ही लाटा एकमेकींवर चढतात आणि व्हेगसचा हात लांब लांब हेलकावे घेऊ लागतो. वसईत, गोव्यात संध्याकाळी घरात रोझरी म्हणणाऱ्या आजी या तालात वर्षानुवर्षं श्वास घेत आल्या असतील, तर नवल नाही.

पण श्वास मंद केला की आकडा त्याच क्षणी वाढतो, यात फसण्यासारखंही आहे. ती पाच मिनिटं संपली की आकडा बराचसा परत येतो. रोज दहा मिनिटं केलं तर मन निवतं, रक्तदाब थोडा उतरतो, आणि तेवढं पुरे. आकडा वाढला म्हणजे आयुष्य वाढलं, हा हिशेब बाजाराचा आहे. हृदय अशक्त झालेल्या रुग्णांच्या मानेत यंत्र बसवून व्हेगसला विजेने चालवून पाहिलं गेलं. 2016 मध्ये छापलेल्या सातशेच्या वर रुग्णांच्या चाचणीत त्याने ना मृत्यू कमी झाले, ना दवाखान्याच्या फेऱ्या. हात धरून करवून घेतलेलं काम तिला जमत नाही. तिच्या वाटेतली अडगळ दूर करावी, तिचं ती बघते.

त्या अडगळीत आपल्या देशात सगळ्यात मोठी आहे ती साखर. आयसीएमआरच्या पाहणीनुसार 2021 मध्ये भारतात 10 कोटींहून जास्त माणसांना मधुमेह होता. मधुमेहात लांबलचक चेतांना आधी झळ लागते. पायाच्या बोटांना मुंग्या येतात त्या याच कारणाने, आणि शरीरातल्या लांब चेतांमध्ये व्हेगसचा नंबर वरचा. ती हळूहळू सुकत जाते. माणसाला काही कळत नाही. नाडी जरा जलद लागते, एवढंच. छातीतल्या वेदनेची खबर नेणाऱ्या शेजारच्या चेताही त्याच साखरेत सुकत असतात, म्हणून अशा माणसाला हार्ट अटॅक येतो आणि दुखतही नाही. नुसता घाम येतो, गळून गेल्यासारखं होतं आणि घरचे म्हणतात, ॲसिडिटी असेल.

हे ओळखायची एक जुनी चाचणी आहे, एडिनबर्गच्या इविंग आणि क्लार्क यांनी रूढ केलेली. रुग्णाला ईसीजी लावायचा आणि पाच सेकंद श्वास आत, पाच सेकंद बाहेर, असे मिनिटभर खोल श्वास घ्यायला सांगायचे. श्वास घेतानाची सगळ्यात जलद आणि सोडतानाची सगळ्यात मंद नाडी यांत मिनिटाला 15 किंवा त्याहून जास्त ठोक्यांचा फरक हवा. 10 किंवा त्याखाली असेल तर काहीतरी बिघडलं आहे. वय जास्त असेल तर डॉक्टर त्यात सूट धरतात.

तुम्हाला किंवा घरात कुणाला मधुमेह होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील, उठून उभं राहिलं की अंधारी येत असेल किंवा बसल्या जागी नाडी शंभराच्या पुढे लागत असेल, तर पुढच्या खेपेला साखरेचा, म्हणजे एचबीएवनसीचा रिपोर्ट दाखवून लगेच उठू नका. डॉक्टरांना या चाचणीबद्दल विचारा. लागतात ते फक्त सहा श्वास, एक मिनिट आणि ईसीजीची एक पट्टी.